व्यापारी गुपिते, संकल्पना-टिपणे आणि मुंबई उच्च न्यायालय : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

बौद्धिक संपदा कायद्यावरील पाठ्यपुस्तकांत पेटंट, प्रताधिकार, व्यापारचिन्ह, भौगोलिक निर्देशन या विषयांना स्वतंत्र प्रकरणे दिलेली असतात. व्यापारी गुपिताच्या वाट्याला मात्र बहुधा अखेरची चार-दोन पाने येतात आणि त्या पानांचा आरंभही ठरलेला असतो, तो म्हणजे भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र अधिनियम नाही, हा. विधान खरे आहे. पण त्यापुढील सारे विवेचन ‘काय नाही’ याभोवतीच फिरत राहते आणि अधिनियम नसताना न्यायालयांनी काय केले याची चिकित्सा मागे पडते. वास्तविक या विषयावरील भारतीय कायद्याचा मोठा भाग निवाड्यांतून घडला आहे व त्यात मुंबई उच्च न्यायालयाचा वाटा लक्षणीय आहे.

प्रस्तुत लेखात या निवाड्यांपैकी काहींचा आणि मार्च २०२४ मध्ये सादर झालेल्या भारतीय विधी आयोगाच्या २८९ व्या अहवालाचा परामर्श घेतला आहे. व्यापारी गुपित म्हटले की अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. कंपनी ही गुपिताची धनी आणि तिचा नोकर हा ते पळवून नेणारा. मुंबईच्या उपनगरांतून, विशेषतः अंधेरी-गोरेगाव परिसरातील दूरचित्रवाणी व चित्रपट व्यवसायातून न्यायालयापुढे आलेले चित्र याच्या नेमके उलट आहे. तेथे गुपित एकट्या-दुकट्या लेखकाचे किंवा लहान निर्मात्याचे असते आणि ते नेल्याचा आरोप मोठ्या वाहिनीवर असतो. ही दोन्ही चित्रे एकाच सिद्धांताखाली कोंबल्यामुळे विवेचनात गोंधळ झाला आहे, आणि तो आता विधेयकाच्या मसुद्यातही उतरला आहे.

सांगण्याचा सौदा, न सांगण्याचा सौदा :

पेटंट हा समाजाशी केलेला उघड सौदा होय. संशोधकाने आपला शोध तपशिलवार लिहून द्यावा, त्या बदल्यात त्याला वीस वर्षांची मक्तेदारी मिळावी आणि पुढे तो शोध सर्वांचा व्हावा, असे त्याचे स्वरूप आहे. पेटंट अधिनियम १९७० च्या कलम १४६ अन्वये पेटंटधारकाने शोधाचा भारतात कितपत वापर केला याचे निवेदनही द्यावे लागते. या माहितीला किती महत्त्व येऊ शकते हे मुंबईच्या पेटंट कार्यालयातून ९ मार्च २०१२ रोजी झालेल्या नॅटको-बायर निर्णयाने दाखवून दिले. कर्करोगावरील ज्या औषधासाठी रुग्णाला दरमहा सुमारे २ लाख ८० हजार रुपये मोजावे लागत होते, ते ८,८८० रुपयांत देण्याचा सक्तीचा परवाना नॅटकोला मिळाला. पेटंटधारक औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचवतो, हा प्रश्न तेथे अधिकाराने विचारता आला. व्यापारी गुपिताची मात्र कोणत्याही कार्यालयात नोंद होत नाही आणि त्याला मुदतही नसते.

मग असे न सांगितलेले ज्ञान कायद्याने का राखावे? अमेरिकी विद्वानांत यावर दीर्घ वाद झाला आहे. रॉबर्ट बोन यांनी १९९८ मध्ये अशी भूमिका मांडली की या कायद्याला स्वतःचे वेगळे तात्त्विक अधिष्ठान नाही; जे काही संरक्षणीय आहे ते करार व तत्सम कायद्यांत आधीच सामावलेले आहे. मार्क लेम्ली यांनी २००८ मध्ये उलट बाजू मांडली. कायदा नसेल तर धनी गुपिताभोवती भिंती उभारत बसेल. कायदा असेल तर तो ते विश्वासाने दुसऱ्याला सांगू शकेल, म्हणजेच हा कायदा प्रत्यक्षात माहितीच्या देवघेवीला चालना देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या विचाराचे मूळ अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखविलेल्या पेचात आहे. माहिती विकत घेणाऱ्याला ती कळल्याशिवाय तिचे मोल कळत नाही, आणि एकदा कळली की पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

भारतीय लेखनात ॲरो यांचा उल्लेख आला तरी तो बहुधा परदेशी तंत्रज्ञान-हस्तांतराच्या संदर्भात येतो. वास्तविक या पेचाचे अधिक चपखल उदाहरण वाहिनीच्या कचेरीत पाच पानांचे संकल्पना-टिपण घेऊन बसलेल्या लेखकाचे आहे. न सांगितल्यास काम मिळत नाही आणि सांगितल्यास हाती काही उरत नाही.

कल्याणचा कारखाना व कलम २७ :

कंपनी व नोकर या पहिल्या चित्राचा उगमही मुंबईपासून फार दूर नाही. ‘निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निवाडा या विषयावरील बहुतेक प्रत्येक लेखात उद्धृत होतो. कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डचे सूत काढण्यासाठी कंपनीने १९६१ मध्ये हॉलंड व पश्चिम जर्मनीतील कंपन्यांशी करार केला. तंत्रज्ञानाचे मोल १,४०,००० ड्यूश मार्क ठरले. ते गुप्त राखण्याची अट त्या करारात होती आणि तीच अट पुढे कर्मचाऱ्यांकडूनही लिहून घेतली गेली. टायर कॉर्ड विभागातील एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर नोकरी पत्करली, प्रशिक्षण घेतले आणि १९६४ मध्ये तो अधिक वेतनावर कोटा येथील राजस्थान रेयॉनमध्ये रुजू झाला. कल्याणच्या न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिला. कराराच्या मुदतीपुरता, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत, त्याला तशाच कामावर इतरत्र राहता येणार नव्हते.

नोकरीच्या मुदतीतील निर्बंध करार अधिनियमाच्या कलम २७ च्या आड येत नाही, या नियमासाठी हा निवाडा सांगितला जातो व ते योग्यच आहे. परंतु त्यातील दुसरा प्रश्न बहुतेक भाष्यकारांनी वाऱ्यावर सोडला आहे. त्या सुपरवायझरजवळ असलेले गुपित कोणते आणि त्याच्या हातात मुरलेले कसब कोणते? निर्णयाचा भर कराराच्या मुदतीवर असल्यामुळे या दोहोंची काटेकोर फोड होण्याचे कारण पडले नाही. त्यामुळे हा निवाडा कराराच्या कायद्याचा अधिक आणि गुपिताच्या कायद्याचा कमी आहे. तरीही त्याला व्यापारी गुपितावरील पायाभूत निवाडा म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे.

कलम २७ विषयीही असाच एक सरधोपट समज आढळतो. नोकरी सुटल्यानंतरचे स्पर्धाबंदीचे कलम भारतात निरर्थक ठरते, हे १९८० च्या ‘सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध क्रिशन मुरगई’ निवाड्यानंतर अधिक दृढ झाले. या कडकपणाला वसाहतकालीन अवशेष मानून तो शिथिल करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या तेराव्या अहवालात केली होती व आजही अनेक अभ्यासक तिचा हवाला देतात. परंतु या कलमाची वंशावळ वेगळीच आहे. डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्क राज्यासाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यातून ते घेतले गेले. न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारला, तोही १८७२ मध्ये, म्हणजे आपला करार अधिनियम झाला त्याच वर्षी. रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचे एक कारण म्हणून कॅलिफोर्नियाच्या या तरतुदीकडेच बोट दाखविले. तंत्रज्ञ एका कंपनीतून दुसरीत मोकळेपणी जाऊ शकले म्हणून ज्ञान पसरले, असे त्यांचे म्हणणे आहे. एका वंशाच्या दोन कलमांपैकी एकाला तेथे प्रगतीचे साधन म्हणावे आणि दुसऱ्याला येथे अडगळ समजावे, हे विसंगत आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या कारखान्यांतून तंत्रज्ञांच्या पिढ्या एका नोकरीतून दुसरीत गेल्या, त्यामागे हे कलमही उभे होते.

सन २००३ : दोन निवाडे :

मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दूरचित्रवाणी क्षेत्रातील दोन वादांत निर्णय दिले. ते क्वचितच एकत्र वाचले जातात. पहिला ‘स्टार इंडिया विरुद्ध नायक’. नोकरी सोडून जाऊ पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला वाहिनीने गुपितांच्या आधारे रोखण्याचा प्रयत्न केला. कोठेही काही काळ काम करणाऱ्या माणसाला त्या व्यवसायातील काही गोष्टी विशेष प्रयत्न न करता कळतातच. तेवढ्याने त्यांना व्यापारी गुपित म्हणता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कल्याणच्या प्रकरणात न झालेली फोड येथे होऊ लागली.

दुसरा निवाडा ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स’. सनडायल या निर्मितीसंस्थेने ‘कृष कन्हैया’ नावाच्या मालिकेची संकल्पना तयार केली होती. भगवान श्रीकृष्ण बालरूपात एका कुटुंबात येतात, असे तिचे बीज होते. या संकल्पनेची फिल्म रायटर्स असोसिएशनकडे नोंदणी केली होती आणि टिपण विश्वासाने झीकडे सोपविले होते. पुढे सनडायलची सोनीशी बोलणी सुरू असताना झीच्या ‘कन्हैया’ मालिकेची जाहिरात आली. मनाई हुकमाविरुद्धचे वाहिनीचे अपील खंडपीठाने फेटाळले. या निवाड्याचे मर्म प्रताधिकार आणि विश्वासभंग यांत केलेल्या भेदात आहे. प्रताधिकार कल्पनेच्या अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कल्पनेला नव्हे; ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ (१९७८) पासून हे सर्वश्रुत आहे. विश्वासभंगाचा दावा मात्र कल्पनेच्या गाभ्याला संरक्षण देऊ शकतो, मग ती लेखी असो वा तोंडी. परंतु तो केवळ विश्वासाने ती ऐकणाऱ्याविरुद्ध चालतो, साऱ्या जगाविरुद्ध नव्हे.

खंडपीठाने आधार घेतला तो इंग्लंडमधील ‘कोको विरुद्ध क्लार्क’ (१९६८) व ‘फ्रेझर विरुद्ध थेम्स टेलिव्हिजन’ (१९८३) यांसारख्या निवाड्यांचा. पैकी पहिला वाद मोपेडच्या इंजिनाविषयी होता. माहिती गोपनीय स्वरूपाची असावी, ती विश्वासाच्या बंधनात दिलेली असावी आणि तिचा अनधिकृत वापर झालेला असावा, ही त्यातील त्रिसूत्री इंजिनापासून निघून बालकृष्णाच्या मालिकेपर्यंत आली. अशी यात्रा कायद्याला नवी नाही. पण यंत्राचा आराखडा आणि गोष्टीचे बीज यांची गोपनीयता एकाच जातीची आहे काय, हा प्रश्न तरी उपस्थित व्हावयास हवा होता. यंत्राचे गुपित वापरात आले तरी गुपित राहू शकते. गोष्ट एकदा प्रक्षेपित झाली की तिचे गुपितपण त्याच रात्री संपते. म्हणूनच कारखान्याला गुपित राखायचे असते, तर लेखकाला ते योग्य मोबदल्यात फोडायचे असते.

दोन्ही निवाडे एकत्र वाचले असता एक सूत्र हाती लागते. न्यायालयाने एका वर्षात दोन वाहिन्यांच्या विरोधात निर्णय दिले, एकदा वाहिनी गुपिताची धनी असताना आणि एकदा ते वापरणारी असताना. दोन्ही ठिकाणी झुकते माप दुर्बळाला मिळाले, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे कारण निवाड्यांत दिलेले नाही आणि तसे म्हणणे घाईचेही ठरेल. परंतु माहिती कोणत्या नात्यातून गेली याकडे दोन्ही ठिकाणी पाहिले गेले, हे निश्चित. पाठ्यपुस्तकांत मात्र पहिला निवाडा ‘नोकर’ या शीर्षकाखाली व दुसरा ‘माध्यमे’ या शीर्षकाखाली जातो आणि हा धागा तुटतो.

‘वर्क इन प्रोग्रेस’ ते ‘झोंबिवली’ :

याच वाटेने पुढे ‘उर्मी जुवेकर चिआंग विरुद्ध ग्लोबल ब्रॉडकास्ट न्यूज’ हा २००७ चा निर्णय आला. नागरिक आपल्या वस्तीतील एखादा प्रश्न हाती घेऊन तो सोडवू पाहतात व कॅमेरा त्यांच्या मागे जातो, अशी ‘वर्क इन प्रोग्रेस’ नामक कार्यक्रमाची संकल्पना पटकथालेखिकेने वाहिनीला दिली होती. वाहिनीचा ‘समर शोडाउन’ हा कार्यक्रम तिच्याशी मिळताजुळता असल्याचे प्रथमदर्शनी मान्य करून न्यायालयाने लेखिकेच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. नागरी प्रश्न हा तर सर्वांचाच विषय. तरीही त्याची विशिष्ट गुंफण संरक्षणास पात्र ठरली.

‘झोंबिवली’ चित्रपटाविषयीच्या ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयात वारे फिरले. डोंबिवलीत झोंबी अवतरतात अशा या मराठी चित्रपटाविरुद्ध एका पटकथालेखकाने प्रताधिकारभंग व विश्वासभंग अशा दोन्ही कारणांवर दावा केला होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई नाकारली आणि चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. गोपनीय म्हणून नेमके काय दिले होते, त्यात स्वतःचे असे काय होते, हे वादीने काटेकोरपणे दाखविले पाहिजे, हा या निर्णयाचा आग्रह आहे. तो रास्त होय. अन्यथा झोंबी, जुळे भाऊ, हरवलेले मूल ही सारी कुणा ना कुणाची खाजगी मालमत्ता होऊन बसतील.

मात्र या काटेकोरपणाचा भार दोन्ही पक्षांवर सारखा पडत नाही. कंपनीजवळ दस्तऐवज असतात, कायदा विभाग असतो. लेखकाजवळ बहुधा एखादा ई-मेल, एका बैठकीची आठवण आणि नोंदणीचा शिक्का असतो. अंधेरी पश्चिमेला कार्यालय असलेली फिल्म रायटर्स असोसिएशन आता स्क्रीनरायटर्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. तिच्याकडील नोंदणीने अमुक मजकूर अमुक तारखेला अस्तित्वात होता एवढेच सिद्ध होते. तो मजकूर वाहिनीतील कोणी वाचला आणि कोणत्या बोलीवर वाचला, हे त्या शिक्क्याने कळत नाही.

येथे अभ्यासकांच्या एका सवयीकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. सनडायल, जुवेकर व ‘झोंबिवली’ हे तिन्ही निर्णय अंतरिम टप्प्यावरील आहेत. त्यांतील निष्कर्ष प्रथमदर्शनी आहेत. साक्षीपुरावा होऊन दिलेले नाहीत. तरीही ते अंतिम सिद्धांत असल्याप्रमाणे उद्धृत होतात. या क्षेत्रात अंतरिम अर्जावरच वादाचा निकाल लागल्यासारखा होतो, कारण मालिका दावा संपेपर्यंत थांबत नाही, हे खरे. परंतु मग तेच मुख्य निरीक्षण म्हणून मांडावयास हवे. या कायद्याची वाढ अंतिम सुनावणीविना झाली आहे आणि तिच्यातील अनेक विधाने पुराव्याच्या कसोटीवर घासलेली नाहीत.

विधी आयोगाचा मसुदा :

२८९ व्या अहवालात आयोगाने व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र अधिनियमाची शिफारस करून सोबत विधेयकाचा मसुदा जोडला. आर्थिक हेरगिरीसाठी वेगळा कायदा असावा असे सुचवून दोन्ही विषयांची सरमिसळ टाळली, हे स्वागतार्ह आहे. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात मिळविलेला अनुभव व कसब यांना व्याख्येबाहेर ठेवले आहे. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी अपवाद आहे. सार्वजनिक आणीबाणीत सक्तीच्या परवान्याची सोयही आहे. ‘स्टार इंडिया विरुद्ध नायक’ मधील भूमिकेला त्यामुळे अधिनियमाचा आधार मिळू शकेल.

माहितीच्या धोरणाच्या अंगाने थोडे अधिक अपेक्षित होते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपिते व वाणिज्यिक विश्वासातील माहिती वगळण्याची मुभा आहे, मात्र व्यापक जनहित असल्यास ती उघड करता येते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोसारखे (२०१४) प्रकल्प सार्वजनिक-खाजगी भागीदारीत उभे राहत असताना कोणती माहिती कंपनीचे गुपित आणि कोणती प्रवाशांच्या हक्काची, हा प्रश्न वाढत जाणार आहे. सार्वजनिक सेवांत शिरणाऱ्या व्यापारी गुपितांचा धोका डेव्हिड लेव्हाईन यांनी २००७ मध्येच दाखविला होता. तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

मुख्य आक्षेप व्याख्येवर आहे. ट्रिप्स कराराच्या अनुच्छेद ३९ ला अनुसरून मसुद्यात माहिती गुप्त असणे, गुप्त असल्यामुळे तिला व्यापारी मोल असणे आणि धन्याने ती गुप्त राखण्यासाठी यथोचित उपाय योजलेले असणे अपेक्षित आहे. ही चौकट कारखान्यासाठी बेतलेली आहे. कुलूप, पासवर्ड, कर्मचाऱ्याची सही असलेला गोपनीयता करार हे कंपनीचे यथोचित उपाय. लेखकाचे उपाय कोणते? चार वाहिन्यांना एकच टिपण देणे हा त्याच्या पोटापाण्याचा भाग आहे. त्याने गोपनीयता कराराचा कागद पुढे केला तर बैठक तेथेच संपण्याची शक्यता अधिक. उलट त्याच्याच पुढे ‘रिलीज फॉर्म’ ठेवला जातो. आपण दिलेली कल्पना गोपनीय समजली जाणार नाही, तत्सम कल्पना वाहिनीकडे आधीपासून असू शकते, अशा आशयाच्या मजकुरावर तो सही करतो. कोको त्रिसूत्रीतील विश्वासाचे बंधन परिस्थितीवरून अनुमानित होऊ शकत होते. सनडायलला ते उपयोगी पडले. यथोचित उपायांची अट अधिनियमात आली आणि समोर अशी सही असली, तर प्रतिवादीला अनुमान खोडण्याची गरजही उरणार नाही. २००३ मध्ये न्यायालयाने लेखकासाठी उघडलेली वाट २०२४ च्या मसुद्याने अरुंद होते, ती अशी.

यावर उपाय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. प्रताधिकार अधिनियमात २०१२ मध्ये दुरुस्ती करताना संसदेने नेमकी हीच विषमता ओळखली होती. चित्रपटात समाविष्ट साहित्यकृती व संगीतकृतींच्या कर्त्यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही आणि तसा करार झाल्यास तो शून्यवत ठरेल, अशी तरतूद कलम १८ मध्ये आली. सही घेतली म्हणून हक्क गेला असे होऊ नये, हेच तिचे तत्त्व. संकल्पना सादर करतेवेळी घेतलेल्या सहीने विश्वासाचे बंधन संपुष्टात येणार नाही, आणि व्यक्तीने सादर केलेल्या संकल्पनेबाबत नोंदणी व विश्वासाने दिल्याची लेखी सूचना हेच यथोचित उपाय मानले जातील, अशी दोन वाक्ये मसुद्याच्या व्याख्या-कलमात बसू शकतात. ‘झोंबिवली’ निर्णयातील काटेकोरपणाची अट त्यानंतरही वादीला पाळावीच लागेल.